दास आणि प्रताप : मारुतीची दोन रूपं

रामदासांनी मराठीत रामायण रचलं, पण सगळं नाही. त्यांचा भर मुख्यतः सुंदरकांड आणि युद्धकांड या दोन कांडांवर आहे. बालपण, स्वयंवर, कैकेयीचा हट्ट, वनवास, भरतभेट असा जो भाग कीर्तनकारांना आणि श्रोत्यांना सर्वांत प्रिय, तो त्यांनी जवळजवळ बाजूला ठेवला. त्यांच्याआधी जेमतेम अर्ध्या शतकापूर्वी पैठणच्या एकनाथांनी भावार्थ रामायणाचा प्रचंड पसारा मांडला होता. गोदाकाठच्या त्याच मुलखात, जांब गावी जन्मलेल्या रामदासांनी त्यातून लढाईचा भाग उचलला. आणि लढाईच्या भागाचा नायक जितका राम आहे, तितकाच मारुती आहे.

जांब आज जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात येतं. सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी शके 1530, म्हणजे इसवी सन 1608च्या रामनवमीला नारायणाचा जन्म झाला, असं परंपरा सांगते. लग्नाच्या बोहल्यावरून मुलगा पळाला, नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं राहिला आणि पुढची बारा वर्षं देशभर फिरला. हे आमच्या भागात शाळकरी पोरांनाही पाठ असतं. मी या जिल्ह्यातला आहे, पोटापाण्यासाठी पुण्यात कोड लिहितो. गावी असताना मारुती हा मला कधी प्रश्न वाटला नाही. वेशीवर मारुती असतोच, शनिवारी तेल आणि रुईच्या पानांची माळ असतेच. प्रश्न पडला तो नंतर : असतोच, तर तो कधीपासून असतो? आणि तो नक्की कोणता मारुती?

वाल्मीकींचा हनुमान पहिल्यांदा भेटतो तो किष्किंधाकांडात, आणि तो गदा घेऊन येत नाही. सुग्रीवाला राम-लक्ष्मणांची भीती वाटते, म्हणून हनुमान भिक्षूचा वेश घेऊन त्यांच्याशी बोलायला येतो. त्याचं बोलणं ऐकून राम लक्ष्मणाला जे सांगतो, ते बळाबद्दल नाही, भाषेबद्दल आहे. या माणसानं वेद अभ्यासलेले असणार, व्याकरण पुन्हा पुन्हा ऐकलेलं असणार, एवढं बोलला पण एकही शब्द चुकला नाही, असा त्याचा आशय. या वीराची पहिली ओळख दूत म्हणून, बोलणारा म्हणून होते.

मग त्याचं बळ? ते आहे, पण त्याला स्वतःला आठवत नाही. समुद्राकाठी सगळे वानर हताश बसलेले असताना तो एका बाजूला गप्प असतो आणि जांबवंताला त्याची आठवण करून द्यावी लागते. उत्तरकांड याचं कारण शापात सांगतं : लहानपणी ऋषींच्या आश्रमात धुडगूस घातला, म्हणून बळाचा विसर पडला. ही कल्पना मला फार मोठी वाटते. महाकाव्यातले बहुतेक वीर आपल्या बळाची सतत आठवण काढत असतात. हा एकटा असा की ज्याचं बळ दुसऱ्यानं, आणि तेही गरज पडल्यावरच, आठवून द्यावं लागतं.

युद्धकांडात मात्र तो पुरेपूर योद्धा आहे. धूम्राक्ष, अकंपन, निकुंभ असे सेनानी तो मारतो, औषधींसाठी पर्वत उचलून आणतो. रावणाशी त्याची समोरासमोर गाठ पडते तेव्हा दोघं शस्त्रं न घेता एकमेकांना तळहातानं हाणतात. हनुमानाच्या फटक्यानं रावण डळमळतो आणि शत्रूचं कौतुक करतो. हनुमानाला त्या कौतुकाचा आनंद होत नाही. तू अजून जिवंत आहेस, तर माझ्या बळाचा धिक्कार असो, असं तो म्हणतो. मराठी मुलखात, विशेषतः किल्ल्यांवर, एक हात उगारलेला मारुती दिसतो. त्या पवित्र्याला ‘चपेटदान’ म्हणतात, म्हणजे चपराक देण्याची मुद्रा. पुण्याजवळच्या तिकोना किल्ल्यावरची मूर्ती या नावानंच ओळखली जाते. ती पाहिली की मला युद्धकांडातला तो प्रसंग आठवतो. मूर्तिकाराच्या मनात तोच होता असं म्हणण्याची गरज नाही. पण हा वीर हातानं लढतो, ही आठवण दोन्हीकडे सारखीच आहे.

तरीही रामायणात मोठं पात्र असणं आणि गावोगाव स्वतंत्र देऊळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हनुमानाच्या तारीख असलेल्या सर्वांत जुन्या मूर्तींत खजुराहोची मूर्ती येते. तिच्यावरचा लेख इसवी सन 922चा आहे. म्हणजे वाल्मीकींच्या काव्यानंतर बरीच शतकं. फिलिप लुटगेनडॉर्फ या अमेरिकन अभ्यासकानं 2007 साली हनुमानावर एक मोठा ग्रंथ लिहिला. स्वतंत्र देव म्हणून हनुमानाचा खरा विस्तार गेल्या हजार वर्षांतला आहे, हे तो ग्रंथ तपशिलानं दाखवतो. विजयनगरात व्यासरायांच्या (निधन 1539) नावावर परंपरा 732 हनुमान-स्थापना सांगते. काशीत तुलसीदासांच्या (निधन 1623) नावाशी संकटमोचन मंदिर आणि कुस्तीचे आखाडे जोडलेले आहेत. त्यानंतर, सतराव्या शतकाच्या मध्यावर, कृष्णाकाठी रामदास येतात. हंपी, काशी, चाफळ : सुमारे दीडशे वर्षांत तीन संतांनी तीन भाषांच्या मुलखांत एकाच वीराला पुढं आणलं.

रामदासांच्या अकरा मारुतींची यादी त्यांच्या शिष्या वेणाबाईंच्या अभंगात येते. परंपरेनं दिलेले शक असे : शहापूर 1566, मसूर 1567, चाफळचे दोन 1570, शिंगणवाडी, उंब्रज आणि माजगाव 1571, बहे आणि मनपाडळे 1573, पारगाव 1574, शिराळा 1576. इसवी सनात मांडलं तर 1644 ते 1654. सात मूर्ती आजच्या सातारा जिल्ह्यात, दोन सांगलीत आणि दोन कोल्हापुरात. जालना जिल्ह्यात एकही नाही. ज्या मुलखानं माणूस दिला, त्याला या यादीत जागा नाही. जांबला रामाचं देऊळ आहे. तिथल्या जुन्या मूर्ती ऑगस्ट 2022मध्ये चोरीला गेल्या आणि त्याच वर्षी पोलिसांना परत मिळाल्या, तेव्हा महाराष्ट्रातल्या अनेकांनी या गावाचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

या तारखांकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण अकरा मारुतींबद्दल सर्वाधिक ऐकू येणारं विधान असं असतं की ही स्वराज्याची गुप्त ठाणी होती, इथून फौजेला माणसं मिळत. शके 1566 ते 1576 या काळात हा सगळा टापू आदिलशाहीच्या अमलाखाली होता. शिवाजी महाराजांनी जावळी घेतली 1656मध्ये, पन्हाळा पहिल्यांदा घेतला 1659मध्ये आणि सातारा 1673मध्ये. शेवटचा मारुती बसला, तेव्हा जावळीसुद्धा स्वराज्यात नव्हती. रामदास आणि शिवाजी महाराज यांची पहिली भेट 1649ची की 1672ची, हा वाद वेगळा आहे आणि तो गेलं शतकभर चालू आहे. न. र. फाटकांनी नंतरच्या वर्षाची बाजू मांडली, शं. श्री. देवांसारख्यांनी आधीच्या. पण त्या वादाचा निकाल काहीही लागो, हे मारुती राज्याच्या आधाराविना उभे राहिले, एवढं तारखाच सांगतात. मला तर त्यानं त्यांचं मोल वाढल्यासारखं वाटतं. पाठीशी सत्ता नसताना, चुन्याची नाहीतर दगडाची मूर्ती गावात बसवायची आणि गावाला एकत्र येण्याचं ठिकाण द्यायचं, एवढंच त्या माणसाच्या हातात होतं.

त्या दशकाच्या आधी काय घडलं होतं, हेही लक्षात घ्यावं लागतं. 1630 ते 1632चा दख्खनचा दुष्काळ रामदासांच्या टाकळीच्या शेवटच्या वर्षांत पडला. मराठवाड्याच्या अंगावरून निजामशाही, मोगल आणि आदिलशाही यांच्या फौजा आलटून पालटून गेल्या होत्या. दौलताबाद 1633मध्ये पडलं आणि 1636मध्ये निजामशाही संपली. लोकांच्या हालांबद्दल रामदासांनी जे लिहिलं, ते या काळात पायी फिरलेल्या माणसानं लिहिलं आहे. अशा माणसाला रामकथेतून बोलका, विद्वान दूत उचलावासा वाटला नाही, उगारलेल्या हाताचा, शेपूट डोक्यावर घेतलेला, कमरेला कास घातलेला भीमरूपी उचलावासा वाटला, यात नवल नाही. ‘भीम’ म्हणजे भयंकर. आणि महाभारत माहीत असलेल्या श्रोत्याला त्यात दुसरंही ऐकू येतं : भीम आणि मारुती हे दोघंही वायूचे पुत्र. वनपर्वात भीमाला वाटेत आडवी पडलेली म्हाताऱ्या वानराची शेपटी उचलता येत नाही, तो प्रसंग या दोन भावांचाच.

पण चाफळला एक नाही, दोन मारुती आहेत. रामाच्या समोर हात जोडून उभा तो दास मारुती. देवळाच्या मागं उभा तो प्रताप मारुती, त्याला वीर मारुतीही म्हणतात. दोन्हींचा शक एकच, 1570. एकाच माणसानं, एकाच वर्षी, एकाच आवारात ही दोन रूपं उभी केली. फक्त बळच हवं असतं, तर एक मूर्ती पुरली असती. बळ कोणासमोर वाकतं हेही दिसलं पाहिजे, असा या मांडणीचा अर्थ मी लावतो. पुढच्या काळानं मात्र प्रताप उचलला आणि दासाला देवळात ठेवलं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे स्पष्ट दिसतं. तालमीत मारुती होताच, आता तो राष्ट्रकार्याचा देव झाला. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 साली सुरू झालं आणि 1936मध्ये त्याच्या पथकानं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. जांबच्या मुलानं मराठी मनात बसवलेलं हनुमानाचं रूप एव्हाना एका प्रांतापुरतं उरलं नव्हतं. 2015मध्ये कासरगोडच्या करण आचार्य या चित्रकारानं भगव्या-काळ्या रंगात हनुमानाचा चेहरा काढला. आज जालना–संभाजीनगर रस्त्यावर दर दहाव्या गाडीच्या काचेवर तो दिसतो. चेहरा रागीट नाही, करारी आहे, असं चित्रकाराचं म्हणणं होतं. पाहणाऱ्यांनी राग निवडला.

मूर्तीचा अर्थ मूर्तिकारापेक्षा पूजणारा ठरवतो, हे गावातला मारुती फार पूर्वीपासून सांगत आला आहे. आमच्याकडच्या कित्येक वेशींवर मारुती म्हणजे शेंदूर फासलेला दगड असतो. पिढ्यान्‌पिढ्या चढलेल्या शेंदराखाली नाकडोळे आहेत की नाहीत, कोणाला ठाऊक नसतं. कधी ते कवच गळून पडतं आणि आतून हात जोडलेली नाहीतर हात उगारलेली मूर्ती निघते. त्याच मारुतीच्या पारावर गाव बसायचं, निवाडे व्हायचे, पण सगळं गाव बसायचं नाही. मराठीतली दलित आत्मकथनं वाचली की देवळाची पायरी कोणाला चढता येत नव्हती, हे कळतं. गावाचा रक्षक म्हणून वेशीवर उभा असलेला वीर कोणाचं रक्षण करत होता आणि कोणाला बाहेर ठेवत होता, हा प्रश्न त्याच्या इतिहासातून वगळता येत नाही.

आणि ज्याला त्याला हा वीर हवाच असतो, असंही नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात पाथर्डी तालुक्यात नांदूर निंबादैत्य नावाचं गाव आहे. तिथं मारुतीचं देऊळ नाही. ग्रामदैवत निंबादैत्य, आणि त्याची मारुतीशी लढाई झाली होती अशी कथा. गावात पोराचं नाव मारुती ठेवत नाहीत, मारुती कंपनीची गाडीसुद्धा टाळतात. बातम्यांत हे गंमत म्हणून येतं. मला त्यात गंभीर काही दिसतं. जिंकलेल्याची कथा सगळीकडे सांगितली जात असताना एक गाव हरलेल्याची बाजू धरून आहे. शिवाय कथेतला निंबादैत्यही रामभक्तच आहे. म्हणजे राम दोघांचा, भांडण फक्त वीरांचं.

सुंदरकांडात एक प्रसंग आहे, जो ना तालमीच्या भिंतीवर आला, ना गाडीच्या काचेवर. लंका पेटवून झाल्यावर हनुमान समुद्राकडे निघतो आणि एकदम थबकतो. आपण सगळं शहर जाळलं, त्यात सीताही जळाली असेल तर? ज्या कामासाठी आलो तेच आपण रागाच्या भरात नासवलं की काय? पाण्यानं आग विझवावी तसा जे उसळलेला राग बुद्धीनं विझवतात तेच धन्य, अशा अर्थाचं तो स्वतःशी बोलतो. रागावलेला माणूस काय करणार नाही, काय बोलणार नाही, असं स्वतःलाच सुनावतो. सीता सुखरूप असल्याचं चारणांच्या तोंडून कळल्यावरच त्याच्या जिवात जीव येतो, आणि परतण्याआधी तो तिला पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहून येतो.

विजयाच्या ऐन क्षणी आपल्या रागाची भीती वाटणारा योद्धा महाकाव्यांत दुसरा मला सापडलेला नाही. रामदासांनी सुंदरकांड मुद्दाम निवडलं होतं, आणि हा प्रसंग त्याच कांडातला. चाफळच्या दोन मूर्तींकडे पाहताना तो माहीत असलेला बरा. पुढच्या मूर्तीचे जोडलेले हात मग दुबळेपणाचे वाटत नाहीत. मागच्या मूर्तीच्या उगारलेल्या हाताला आवर घालणारे तेच हात आहेत.