‘खाली’ म्हणजे कोठे? गोलाध्यायातील एक युक्तिवाद

चाकण परिसरात कारखान्याच्या नव्या शेडची भिंत उभी राहत असताना गवंडी अजूनही ओळंबा सोडतो. भिंत सरळ आहे की नाही याचा निवाडा दोरीला लोंबणारे वजन करते. त्या दोरीची दिशा म्हणजे ‘खाली’, हे आपल्याला इतके उघड वाटते की त्याविषयी प्रश्न पडत नाही. मात्र हाच प्रश्न भास्कराचार्यांनी (जन्म १११४) ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ११५० मधील ग्रंथात विचारला होता. त्यातील ‘गोलाध्याया’च्या भुवनकोश प्रकरणात त्याचे पायरीपायरीने दिलेले उत्तर आहे. भाषणांतून आणि पाठ्यपुस्तकांतून आकृष्टिशक्तीचा एकच श्लोक सुटा फिरत असतो. त्याच्या मागचापुढचा युक्तिवाद सहसा वाचला जात नाही. खरा ऐवज मात्र त्या युक्तिवादात आहे.

पहिली पायरी आधाराची. हातातली वस्तू सोडली की ती पडते. मग एवढी जड पृथ्वी का पडत नाही? शेष, कूर्म वा दिग्गज तिला धरून आहेत, असे पुराणे सांगतात. भास्कराचार्य विचारतात, त्या आधाराला आधार कोणाचा? त्यालाही दुसरा मानला, तर मालिका संपतच नाही. शेवटचा आधार स्वतःच्या शक्तीने टिकतो असे म्हणावे, तर ती शक्ती पहिल्या वस्तूतच, म्हणजे पृथ्वीतच, का मानू नये? अग्नीत उष्णता असते, पाण्यात प्रवाहीपण असते, दगडात काठिण्य असते. तसाच हा पृथ्वीचा स्वभाव.

दुसरी पायरी दिशेची, आणि माझ्या मते सर्वांत धीट. माणूस जेथे उभा असतो तेथे पृथ्वी त्याला पायाखाली वाटते आणि आपण तिच्या माथ्यावर आहोत असे वाटते. पलीकडच्या बाजूची माणसे नदीकाठच्या माणसाच्या पाण्यातील प्रतिबिंबासारखी उलटी असतील अशी कल्पना मनात येते. पण ती तेथे आपल्याइतकीच स्वस्थ उभी असतात. कदंबाच्या फुलावर सर्व बाजूंनी केसर असावेत, तशी गावे, अरण्ये आणि पर्वत या गोलावर सर्वत्र आहेत. याचा अर्थ ‘खाली’ ही विश्वात एकदाच ठरलेली दिशा नाही. प्रत्येक ठिकाणाची ‘खाली’ वेगळी आहे. चाकणचा ओळंबा आणि चाळीसगावचा ओळंबा समांतर नसतात. त्यांच्या दिशांत सुमारे दोन अंशांचा फरक पडतो.

तिसरी पायरी या दोन पायऱ्यांवरच उभी आहे. पृथ्वीच्या अंगी आकर्षणाची शक्ती आहे. आकाशातील जड वस्तूला ती स्वतःकडे ओढते आणि ते ओढणे आपल्याला पडण्यासारखे दिसते. सभोवार आकाश सारखेच असेल, तर पृथ्वीने स्वतः कोठे पडायचे? मूळ शंकेला येथे उत्तर मिळते असे म्हणण्यापेक्षा ती शंकाच विरून जाते, असे म्हणणे अधिक योग्य.

या युक्तिवादाच्या मर्यादाही तेथेच दिसतात. पृथ्वी निराधार आहे म्हणून ती सतत पडते आहे, असे बौद्धांचे मत होते. वर फेकलेली वस्तू पृथ्वीवर परत येते हे पाहूनही असे कसे म्हणता, असा भास्कराचार्यांचा प्रतिप्रश्न. जड वस्तू अधिक वेगाने पडते, म्हणून पडणाऱ्या पृथ्वीला हलकी वस्तू गाठू शकणार नाही, असे गृहीत त्यामागे आहे. हे गृहीत टिकत नाही, हे गॅलिलिओच्या १६३८ मधील ग्रंथात स्पष्ट झाले. शिवाय भास्कराचार्यांची शक्ती पृथ्वीपुरतीच आहे. तिला माप नाही आणि चंद्राशी तिचा संबंध नाही. खगोलांच्या दैनंदिन गतीसाठी ते प्रवह वायूच मानतात. न्यूटनने १६८७ मध्ये चंद्रालाही पडणाऱ्या वस्तूंच्या रांगेत बसवले. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून साठ त्रिज्या दूर आहे. म्हणून येथे वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते, तर चंद्र तेवढ्याच वेळात त्याच्या ३६०० व्या हिश्श्याइतका, म्हणजे सुमारे १.४ मिलिमीटर, पृथ्वीकडे झुकतो. ‘न्यूटनच्या आधी गुरुत्वाकर्षणाचा शोध’ या घोषणेत हा फरक पुसला जातो, आणि त्याबरोबर भास्कराचार्यांनी खरोखर जे केले तेही.

चाळीसगावजवळ पाटण येथे १२०७ चा एक शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापल्याची त्यात नोंद आहे. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. मठाला मिळालेल्या दानांचा तपशील मात्र मराठीत आहे. ज्ञानेश्वरीच्या आधीची ही मराठी या ग्रंथांच्या अध्यापनाची व्यवस्था लिहिण्यासाठी वापरली गेली, हे साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये. चांगदेवाला हे ग्रंथ शिकवले जावेत असे वाटत होते. शिकायचे म्हणजे प्रत्येक पायरीला शंका विचारायची, आणि जेथे पायरी निसटते तेथे तसे सांगायचे. सुट्या श्लोकाच्या अभिमानापेक्षा हे कष्टाचे आहे. पण ग्रंथकाराला योग्य मान यातूनच मिळतो.