चौकशी झाली, गुन्हा कधी? रमाबाई नगर ते परभणी

कोठडीत माणूस मेला की सरकारचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'चौकशीचे आदेश दिले आहेत.' आपण निवेदन देतो, फोटो काढतो आणि घरी जातो. आमच्या मते आपण फसतो ते इथेच. चौकशी वेगळी आणि गुन्हा दाखल होणं वेगळं.

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या. १० जण मेले. गुंडेवार आयोगाने उपनिरीक्षक मनोहर कदम यांना दोषी धरलं. सत्र न्यायालयाची जन्मठेप यायला मात्र २००९ साल उजाडलं, आणि लगेच उच्च न्यायालयातून जामीनही झाला.

परभणी तर आपल्या लोणार-मेहकरहून फार लांब नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी तिथल्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली. दुसऱ्या दिवशी बंद, मग धरपकड. त्यात वडार समाजाचा, कायद्याचं शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी पकडला गेला. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नोंदलं गेलं. विधानसभेत मात्र मुख्यमंत्र्यांनी श्वसनाच्या आजाराचा दाखला दिला आणि मारहाण झाली नसल्याचं सांगितलं. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांवर ठपका ठेवला. तरी गुन्हा नाही! सोमनाथची आई न्यायालयात गेली, बाळासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले, तेव्हा ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं. त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० जुलैला तिथेही हरलं.

सरकार कोणाच्या बाजूने धावलं, हे यापुढे आम्हाला कोणी समजावून सांगू नये.

कायदा नाही असं नाही. अटक करताना आरोपी पळू नये इतकाच जोर वापरता येतो, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटकेचा मेमो, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर आणि दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी सक्तीची केली. कोठडीतल्या मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी २००६ पासून बंधनकारक आहे. आता ती कलम १९६ खाली होते. पण अहवाल पोलिसांविरुद्ध गेला तर पुढे काय, हे त्या कलमात स्पष्ट लिहिलेलं नाही. ही फट कोणाच्या उपयोगाची आहे ते परभणीत दिसलं. अहवाल हातात असूनही आईला खंडपीठापर्यंत जावं लागलं.

म्हणून बुलढाण्यातल्या कार्यकर्त्यांना आमचं सांगणं आहे, पोरगं उचललं की पहिल्या तासात ठाण्यात जा. घोषणा नंतर द्या. मेमोची प्रत मागा, वकील बोलवा, तपासणी करताना डॉक्टरांनी जखमा लिहून घेतल्या का ते पाहा. न्यायाधीशापुढे २४ तासांच्या आत उभं केलं जातं, तिथे मार बसला असेल तर त्याने स्वतः तोंडाने सांगितलं पाहिजे. भीतीने गप्प राहिला की तेच गप्प राहणं पुढे त्याच्याविरुद्ध वापरतात. आणि ठाण्याच्या सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवावं असा लेखी अर्ज त्याच दिवशी द्या, पोच घ्या. परमवीर सिंग सैनी खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे चित्रण १८ महिने, निदान वर्षभर तरी, ठेवायला सांगितलं आहे.