देवाज्ञेपुढें नम्र झालेला वसईचा सुपुत्र

ज्युबिली महोत्सवाच्या प्रसंगीं धर्मग्रामाचा इतिहास लिहितांना देवालय केव्हां बांधलें, घंटा केव्हां चढली, वेदी कोणत्या सालीं उभी राहिली, हें सर्व आस्थेनें नमूद केलें जातें, व तें योग्यच आहे. परंतु दगडचुन्याच्या इतिहासाबरोबर दुसराही एक इतिहास चाललेला असतो. तो म्हणजे देवाच्या इच्छेपुढें मान लवविणाऱ्या साध्या माणसांचा इतिहास होय. त्याचीं पानें बहुधा कोरींच राहतात. कारण शरणागति ही अंतःकरणांत घडते आणि तिची नोंद कोणत्याही वहींत होत नाहीं. म्हणून ह्या मंगल समयीं त्या दुसऱ्या इतिहासांतील एक पान वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटतें.

स्वर्गीय पित्याची इच्छा पूर्ण व्हावी अशी प्रार्थना आपण सर्वजण रोज करितों. पीक चांगलें आलें, होडी भरून आली, मुलगी चांगल्या घरीं पडली, म्हणजे ही प्रार्थना ओठांवर सहज येते. परंतु जें मागितलें तें मिळालें नाहीं, ज्या दारावर मोठ्या आशेनें थाप मारिली तें उघडलेंच नाहीं, त्या दिवशीं तीच प्रार्थना घशांत अडकते. ख्रिस्ती मनुष्याची खरी परीक्षा त्याच दिवशीं होते. हें पटण्यास दूरच्या देशांतील उदाहरण शोधावयास नको. आमच्याच वसईंत जन्मलेला आणि भारतांत जन्मून संतपदास पोहोंचलेला पहिला पुरुष, संत गोन्सालो गार्सिया, ह्याचें चरित्र म्हणजे ह्या एकाच धड्याचा विस्तार आहे.

वसईचा मुलूख गुजरातचा सुलतान बहादूरशहा ह्यानें १५३४ सालीं तहानें पोर्तुगीजांस दिला. पुढें तेथें जें नवें शहर वसलें त्यांत १५५७ च्या सुमारास गोन्सालोचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज व माता येथलीच. त्याचें शिक्षण येशूसंघाच्या धर्मगुरूंच्या हाताखालीं झालें, आणि त्यांच्याच संगतींत तो कोंवळ्या वयांत जपानास गेला. तेथें त्यानें जपानी भाषा इतकी आत्मसात केली कीं तो लोकांस धर्मशिक्षण देऊं लागला. सुमारें आठ वर्षें त्यानें ही सेवा केली. येशूसंघांत आपणास प्रवेश मिळावा ही त्याच्या मनाची एकच आस होती. परंतु तो प्रवेश त्यास मिळाला नाहीं.

वाचकहो, येथें क्षणभर थांबूं या. तारुण्याचीं आठ वर्षें ज्या घराच्या सेवेंत घालविलीं त्या घराचें दार आपणांसाठीं बंद आहे असें कळणें, हें दुःख लहान नव्हे. असल्या प्रसंगीं कित्येकांची श्रद्धा कडवट होते. धर्मगुरूंनीं आमचें ऐकलें नाहीं, पंचांनीं आम्हांस डावललें, एवढ्या कारणावरून देवालयाची पायरी सोडलेलीं माणसें आम्हीं सर्वांनीं पाहिलीं आहेत. गोन्सालोनें जपान सोडलें, परंतु ख्रिस्ताला सोडलें नाहीं. तो मकावकडे वळला व व्यापार करूं लागला. व्यापारांत त्यास यश आलें, पैसाही मिळाला. जगाच्या दृष्टीनें पाहतां त्याचा प्रश्न सुटला होता. तरी देवाची हांक त्याच्या कानांत तशीच घुमत राहिली. शेवटीं धंदा सोडून तो मनिला शहरीं गेला आणि तेथें फ्रान्सिस्कन संघांत धर्मबंधु म्हणून दाखल झाला. तो धर्मगुरु झाला नाहीं. वेदीवर मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार त्यास कधींच मिळाला नाहीं. धर्मबंधूच्या वांट्यास मठांतील पडेल तें काम येतें, आणि तेंच त्यानें आपलें मानिलें.

आतां परमेश्वराची योजना पाहा. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी ह्यानें १५८७ सालींच परदेशी धर्मोपदेशकांस देश सोडण्याचा हुकूम केला होता, जरी तो कसोशीनें अमलांत आला नव्हता. १५९३ सालीं फिलिपाईन्सच्या गव्हर्नरानें फादर पेद्रो बाउतिस्ता ह्यांस वकील म्हणून त्याच्याकडे पाठविलें. त्या मंडळींस जपानी भाषा जाणणारा मनुष्य हवा होता. ज्या आठ वर्षांचें चीज झालें नाहीं असें वाटलें होतें, तींच वर्षें आतां उपयोगीं पडलीं. हिदेयोशीपुढें फादर बाउतिस्तांचे शब्द जपानींत सांगण्याचें काम धर्मबंधु गोन्सालोकडे आलें. दुभाष्याचें काम मोठें विलक्षण असतें. त्यास स्वतःचें कांहीं बोलावयाचें नसतें. दुसऱ्याचें बोलणें भर न घालतां व कांहीं न गाळतां पोहोंचवावयाचें असतें. आज्ञाधारकपणाचा ह्याहून चांगला दृष्टांत आम्हांस सुचत नाहीं.

क्योतो नगरांत ह्या मंडळीस जागा मिळाली. तेथें त्यांनीं देवालय उभारलें व कुष्ठरोग्यांसाठीं रुग्णालयें चालविलीं. ज्यांस लोक दूर सारीत त्यांच्या जखमा धुण्याचें काम ह्या मठांतील बंधूंनीं केलें.

एक अप्रिय गोष्टही प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. १५८५ सालीं तेरावे ग्रेगरी पोपमहाराज ह्यांनीं जपानांतील धर्मप्रसाराचें कार्य येशूसंघाकडेच राहावें असें ठरविलें होतें. फ्रान्सिस्कन मंडळी त्यांच्यानंतरचे पोप पांचवे सिक्स्तुस ह्यांच्या १५८६ च्या आज्ञापत्राचा आधार घेत. ह्यावरून दोन्ही संघांत मोठा वाद होता. देवाची आज्ञा पाळूं इच्छिणाऱ्या सज्जनांतही ती आज्ञा नेमकी कोणती ह्याविषयीं मतभेद होऊं शकतो, हें ह्यावरून दिसतें. गोन्सालो एका संघाचा शिष्य व दुसऱ्याचा बंधु होता. हा वाद सोडविणें त्याच्या हातीं नव्हतें. पुढें तो सुटला तो कागदावर नव्हे, तर क्रुसांच्या रांगेंत. कारण त्या रांगेंत दोन्ही संघांचीं माणसें शेजारीं शेजारीं उभीं राहिलीं.

१५९६ च्या ऑक्टोबरांत ‘सान फेलिपे’ नांवाचें स्पॅनिश गलबत वादळांत सांपडून जपानच्या तोसा किनाऱ्यास लागलें. त्यांतील मौल्यवान माल हिदेयोशीनें जप्त केला. त्या वेळीं जहाजाच्या सुकाणूवाल्यानें स्पेनच्या राजाच्या सामर्थ्याविषयीं बढाई मारिली व धर्मोपदेशक हे सैन्याच्या पुढें येणारे हेर आहेत असा संशय त्यामुळें बळावला, असें सांगतात. कारण कांहींही असो, डिसेंबरांत क्योतो व ओसाका येथील मठांवर पहारे बसले आणि चोवीस जणांस देहान्त शिक्षा झाली. १५९७ च्या जानेवारींत क्योतोच्या रस्त्यावर त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यांत आला. नंतर भर हिंवाळ्यांत सुमारें महिनाभर त्यांस नागासाकीकडे नेण्यांत आलें. वाटेंत त्यांची सेवाशुश्रूषा करणारे दोन ख्रिस्ती गृहस्थही पकडले गेले व त्यांची संख्या सव्वीस झाली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. लुईस इबाराकी हा तर अवघा बारा वर्षांचा मुलगा होता. १५९७ च्या फेब्रुवारीच्या ५ तारखेस नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर त्यांस क्रुसांवर बांधून भाल्यांनीं भोंसकण्यांत आलें. वसईचा गोन्सालो त्या वेळीं सुमारें चाळीस वर्षांचा होता.

ह्या चरित्रावरून आपल्या नित्याच्या संसारासाठीं दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, देवाच्या इच्छेस शरण जाणें म्हणजे हातावर हात ठेवून बसणें नव्हे. गोन्सालो नकार ऐकून रडत बसला नाहीं. जें काम समोर आलें तें त्यानें केलें व पुढील हांकेची वाट पाहिली. मूल आजारी असतां वैद्यास न बोलावितां देवाची इच्छा म्हणणें, बांध फुटला असतां तो न बांधतां देवाची इच्छा म्हणणें, ही शरणागति नसून आळस आहे. आपल्या हातून होण्याजोगें सर्व करून, त्यानंतर जें घडेल तें पित्याच्या हातून आलेलें समजून घेणें, हीच खरी शरणागति होय.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. माणसाची सत्ता आणि देवाची सत्ता ह्या एक नव्हेत. गोन्सालोनें हिदेयोशीचा मान राखिला, त्याच्याशीं नम्रपणें वागला. परंतु श्रद्धेचा प्रश्न येतांच त्याच्या हुकुमापुढें वांकला नाहीं. म्हणून घरांतील कर्त्या पुरुषानें आपल्या रागास, सासूनें आपल्या हट्टास, श्रीमंतानें आपल्या लोभास देवाच्या इच्छेचें नांव देऊं नये. दुर्बळाच्या खांद्यावर स्वतःचें ओझें टाकून त्यास हा तुझा क्रूस आहे असें सांगणारा मनुष्य देवाची आज्ञा पाळीत नाहीं, तर देवाचें आसन बळकावितो. ज्यास इतरांवर अधिकार आहे त्यानें तर प्रथम स्वतः देवापुढें गुडघे टेंकले पाहिजेत.

त्या सव्विसांचें रक्त वायां गेलें नाहीं. १६२७ सालीं त्यांस धन्य म्हणून गौरविण्यांत आलें, आणि १८६२ च्या जूनच्या ८ तारखेस नववे पायस पोपमहाराज ह्यांनीं त्यांस संतपद दिलें. जपानांत १६१४ सालीं ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली व पुढें धर्मगुरु उरले नाहींत. तरी १८६५ च्या मार्चच्या १७ तारखेस नागासाकीच्या नव्या ओउरा देवालयांत, जें ह्याच सव्वीस रक्तसाक्ष्यांस अर्पण केलेलें होतें, कांहीं खेडूत फादर पेतिजाँ ह्यांजकडे आले आणि आपली श्रद्धा त्यांनीं प्रकट केली. दोनशेंहून अधिक वर्षें बापानें मुलास व आईनें मुलीस ती गुप्तपणें दिली होती. बंदी १८७३ सालीं उठली.

आमच्या वसईवरही कसोटीचा काळ आला होता. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांच्या सैन्यानें किल्ला घेतला. पोर्तुगीज व त्यांचे संन्यासी निघून गेले; मोठमोठीं देवालयें ओस पडलीं. राज्य गेलें तरी श्रद्धा राहिली, कारण ती राज्याच्या आधारावर नव्हे, तर घरोघरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेवर उभी होती. गोव्याकडील देशी धर्मगुरूंनीं येथील ख्रिस्ती जनांचा सांभाळ केला. आज गास येथें संत गोन्सालोच्या नांवाचें देवालय उभें आहे, आणि नागासाकीच्या त्या टेकडीवर १९६२ सालापासून सव्वीस रक्तसाक्ष्यांचें स्मारक आहे. एकाच पुत्राची आठवण हे दोन किनारे जतन करितात.

प्रिय धर्मबंधु-भगिनींनो, ज्युबिलीच्या रोषणाईचे दिवे थोड्याच दिवसांत उतरतील. त्यानंतर आपापल्या घरीं जो नकार, जें आजारपण, जी अडचण आपली वाट पाहत असेल, तिच्यापुढें जातांना ह्या धर्मबंधूचें स्मरण करूं या. बंद झालेल्या दारापाशीं तो देवावर रागावला नाहीं, आणि उघडलेल्या दारांतून मृत्यूकडे जातांनाही तो मागें फिरला नाहीं. संत गोन्सालोच्या मध्यस्थीनें परमेश्वर आम्हां सर्वांस तसेंच विश्वासू व नम्र अंतःकरण देवो, आणि आमच्या धर्मग्रामाच्या पुढील पिढ्यांसही त्याची इच्छा ओळखण्याची व ती आनंदानें पाळण्याची कृपा लाभो. आमेन.