विंचूदंश व आल्फा–१ ग्राही
रक्तवाहिन्यांच्या भित्तींमधील अनैच्छिक स्नायूंच्या कोशिकापटलात आल्फा–१ ग्राही नावाचे प्रथिन असते. तंत्रिकांच्या टोकांतून स्रवणारे नॉरॲड्रेनॅलीन त्यास बद्ध झाले, की स्नायू आकुंचन पावून वाहिनी अरुंद होते. रक्तदाब टिकविण्यासाठी ही क्रिया आवश्यक असते. तिचा अतिरेक मात्र प्राणघातक ठरतो. लाल विंचवाच्या दंशात असा अतिरेक होतो व तो रोखण्याचा उपाय कोकणातच सापडला.

मुचकुंदी नदीच्या मुखाशी असलेल्या पूर्णगडपासून (जि. रत्नागिरी) उत्तरेस महाडपर्यंतच्या कोकणपट्टीत दगडी गडगे, लाकडांच्या राशी, पेंढा व कौले ही विंचवांची आश्रयस्थाने आहेत. आकाराने मोठी व काळी इंगळी दिसावयास भयंकर असली, तरी तिच्यापेक्षा लहान असा लाल विंचू (होटेंटोट्टा टॅम्युलस) अधिक घातक असतो. विंचू ‘उतरविणाऱ्या’ मांत्रिकांची ख्याती बहुधा निरुपद्रवी दंशांवरच पोसली गेली असावी. दंशस्थानी असह्य वेदना होऊनही रोगी आपोआप बरा होतो, असे दंश पुष्कळ असतात. याउलट गंभीर विषबाधेत वेदना कित्येकदा बेताचीच असते आणि धोका आत वाढत असतो.

विषातील लहान प्रथिने तंत्रिकापटलांतील सोडियम–मार्ग बंद होऊ देत नाहीत. त्यामुळे स्वायत्त तंत्रिका तंत्र अनावर चेतविले जाते. प्रथम वांत्या, भरपूर घाम, लाळ व पुरुषांत शिश्नाचा सतत ताठरपणा ही लक्षणे दिसतात. पुढे नॉरॲड्रेनॅलीन व ॲड्रेनॅलीन रक्तात मोठ्या प्रमाणात येऊन आल्फा ग्राही उद्दीपित होतात. हातपाय गार पडतात व रक्तदाब चढतो. अरुंद वाहिन्यांच्या रोधाविरुद्ध रक्त ढकलताना हृदय थकते आणि फुप्फुसांत द्रव साचतो (फुप्फुसशोफ). विंचूदंशानंतरच्या फुप्फुसशोफाचे वर्णन मुंडले यांनी १९६१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नल मध्ये केले होते. पण कारण उमगले नसल्याने उपचार चाचपडतच चालले. ॲट्रोपीन, स्टेरॉइडे, हिस्टामीनरोधके इ. औषधे दिली जात. त्यांपैकी ॲट्रोपिनाने तर हृदयाचे ठोके वाढून भरच पडे.

ग्राहींचे आल्फा व बीटा असे दोन प्रकार रेमंड आल्क्विस्ट या अमेरिकन औषधिक्रियावैज्ञानिकांनी १९४८ मध्ये सुचविले. त्या वेळी ग्राही ही केवळ अनुमानित वस्तू होती. आल्फा–१ ग्राहीला रोखणारे प्राझोसीन हे औषध १९७०–८० या दशकात उच्च रक्तदाबावर वापरात आले. विंचवाशी त्याचा काही संबंध जोडलेला नव्हता.

हिंमतराव बावसकर १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रोग्यांजवळ तासन्‌तास बसून त्यांनी लक्षणांचा क्रम नोंदविला. हृदयविकाराची पूर्वसूचना देणाऱ्या लक्षणांवरील त्यांचा लेख १९८२ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आला. विषाचे परिणाम मुख्यतः आल्फा ग्राहींमार्फत घडतात, हे लक्षात आल्यावर त्यांनी प्राझोसीन वापरले. हातपाय गार पडलेल्या, घामाने निथळणाऱ्या रोग्यास रक्तदाब उतरविणारी गोळी देणे हे वरकरणी उलटेच वाटणारे होते. अशा रोग्याची अवस्था अवसादासारखी (शॉकसारखी) भासते. प्रत्यक्षात वाहिन्या सैल होताच हृदयावरील भार हलका होई आणि हातपाय ऊबदार होत. बावसकर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचा याविषयीचा लेख लॅन्सेट मध्ये १९८६ साली प्रसिद्ध झाला. आल्फा–१ ग्राहीच्या एका उपप्रकाराची जनुकीय रचना प्रयोगशाळेत उलगडली ती त्यानंतर, १९८८ मध्ये. म्हणजे प्रथिनाची रचना कळण्याआधीच खेड्यातील खाटेवर त्याचे महत्त्व सिद्ध झाले होते.

प्राझोसीनपूर्व काळात गंभीर रोग्यांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. नंतर हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. गोळी स्वस्त, तोंडाने देण्याजोगी व आरोग्य केंद्रातही ठेवता येण्याजोगी असल्याने तिचा प्रसार झाला. पहिल्या मात्रेनंतर उभे राहिल्यास रक्तदाब एकाएकी उतरण्याचा संभव असतो. म्हणून रोग्यास आडवे ठेवतात.

प्राझोसीन विष नष्ट करीत नाही. ते फक्त त्याच्या परिणामाचे दार बंद करते. मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या परंपरेतील प्रतिविष रक्तातील मुक्त विषास निष्प्रभ करते. दोन्ही एकत्र दिल्यास लाभ होतो काय, हे महाड येथे ७० रोग्यांवर पाहण्यात आले (ब्रिटिश मेडिकल जर्नल, २०११). दहा तासांत पूर्ण बरे झालेले रोगी प्रतिविष व प्राझोसीन दिलेल्या गटात ३५ पैकी ३२, तर केवळ प्राझोसीन दिलेल्या गटात ३५ पैकी ८ होते. बावसकर यांना २०२२ मध्ये पद्मश्री देण्यात आली.