मापन-समस्या आणि मानवी जाणीव

पुंजयामिकीत निरीक्षणाच्या क्षणी नेमके काय घडते, या अनिर्णित प्रश्नाला मापन-समस्या म्हणतात. त्याच्या उत्तरात जाणिवेला, म्हणजे अनुभव आतून जाणवण्याच्या क्षमतेला, स्थान आहे की नाही हा वाद 1930 च्या दशकापासून चालू आहे. श्रोडिंजर समीकरणानुसार प्रणालीच्या सर्व शक्य अवस्था एकत्र नांदतात (यास अधिस्थापन म्हणतात) आणि ठरावीक नियमाने बदलत राहतात. प्रत्यक्षात मात्र विषम चुंबकीय क्षेत्रातून गेलेला चांदीचा अणू पडद्यावर वरच्या किंवा खालच्या पट्ट्यात, एकाच जागी उमटतो. अनेक शक्यतांतून एकच उरण्याची ही क्रिया, म्हणजे तरंगफलनाचा (प्रणालीच्या अवस्थेच्या गणिती वर्णनाचा) निपात, समीकरणातून निघत नाही, म्हणून ती स्वतंत्र गृहीतक म्हणून जोडावी लागते.

निरीक्षित वस्तू आणि निरीक्षक यांच्यातील सीमारेषा उपकरणापाशी, दृष्टिपटलापाशी वा मेंदूत कोठेही ओढली तरी भाकिते तीच राहतात, हे योहान फोन नॉयमान यांनी 1932 मध्ये दाखवले. युजीन विग्नर यांनी 1961 च्या निबंधात उपकरणापासून मेंदूपर्यंतची ही साखळी जाणिवेपाशी तोडली : बंद खोलीतील मित्राने मापन केले, तरी बाहेर उभ्या असलेल्याच्या गणितात तो मित्रही अधिस्थापनातच लोंबकळत राहतो, आणि ही विपरीत स्थिती टाळायची तर मित्राच्या जाणिवेनेच निपात घडवला असे मानावे लागते. तथापि हे खरे धरले तरी मनाला हवा तो निष्कर्ष निवडता येत नाही, कारण निष्कर्षांच्या संभाव्यता तरंगफलनावरूनच ठरवणाऱ्या बोर्न-नियमाने बांधलेल्या असतात. ‘मन वास्तव घडवते’ असे सांगणारे लोकप्रिय लेखन या मुद्द्याला हटकून बगल देते. पुढे विग्नर यांनी स्वतःच हे मत सोडले.

रॉजर पेनरोज यांनी 1989 पासून कार्यकारणाची दिशाच उलटी केली : निपात गुरुत्वाकर्षणामुळे आपोआप होतो आणि त्यातून जाणीव उद्भवते. भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमरॉफ यांनी त्यासाठी चेतापेशींतील, सुमारे 25 नॅनोमीटर व्यासाच्या सूक्ष्मनलिकांची जागा सुचवली. मॅक्स टेगमार्क यांच्या 2000 मधील गणितानुसार मेंदूच्या ऊबदार, दाटीवाटीच्या परिसरात अधिस्थापन सेकंदाच्या दहा लाख-कोटीव्या भागापेक्षाही लवकर विस्कटते, तर चेतापेशीच्या संदेशाला सेकंदाचा सुमारे हजारावा भाग लागतो. हॅमरॉफ व सहकाऱ्यांनी या आकडेमोडीतील गृहीतकांवर आक्षेप घेतले असले, तरी तफावत इतकी प्रचंड आहे की पुराव्याचा भार त्यांच्याकडेच राहतो.

मापन आणि जाणीव ही दोन्ही कोडी गहन आहेत, एवढ्यावरून ती एकच ठरत नाहीत. तरीही डेव्हिड चाल्मर्स व केल्विन मॅक्वीन यांनी विग्नर यांची कल्पना अलीकडे तपासण्याजोग्या रूपात पुन्हा मांडली असून, तिच्यात जाणीव सदैव एकाच निश्चित अवस्थेत राहते असे धरल्यास सततच्या ‘मापना’मुळे ती मुळात उद्भवूच शकत नाही, ही अडचण त्यांनीच दाखवली आहे.