अंबाबाईच्या गाभाऱ्यातला कवडसा

कोल्हापूरच्या अंबाबाईचे देऊळ म्हणजे जाड दगडी भिंती, खांबांची दाटी आणि भर दुपारीही अंधारलेला गाभारा. देवी मात्र पश्चिमेकडे तोंड करून उभी. त्यामुळे वर्षातून दोनदा मावळतीचे ऊन महाद्वार, गरुड मंडप, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असे टप्पे ओलांडत थेट मूर्तीपर्यंत पोचते. हाच किरणोत्सव.

सूर्य खाली उतरतो तसे किरण आडवे होतात, म्हणून कवडसा पायांकडून मुखाकडे वर चढतो. पण वर्षातून दोनदाच का? या दिवसांत सूर्य खऱ्या पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो. दक्षिणायनात त्या बिंदूवरून तो एकदा जातो आणि उत्तरायणात परतताना पुन्हा एकदा. २२ डिसेंबरच्या अलीकडे-पलीकडे सुमारे चाळीस-चाळीस दिवस मोजून पाहा.

परंपरेने सांगतात, ९, १० व ११ नोव्हेंबरला किरण अनुक्रमे पाय, छाती व मुखावर पडतात. ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीलाही तसेच. इथे आम्ही अडखळलो. ९ नोव्हेंबरचा जोडीदार २ फेब्रुवारी. त्या दोन्ही दिवशी सूर्याची वाट जवळजवळ एकच. मग एकदा पाय आणि एकदा मुख कसे? निव्वळ भूमितीने दुसऱ्या खेपेस क्रम उलटा हवा. पण मुखापर्यंत किरण पोचतो तो सूर्य क्षितिजाला टेकताना. तेव्हा ढग, धूळ, धुके यांचाच अंमल चालतो. म्हणून ठरलेला क्रम पाठ करण्यापेक्षा दरवर्षीची नोंद महत्त्वाची.

शिलाहारांच्या काळीही हे देऊळ होते. तेव्हापासून पृथ्वीच्या अक्षाचा कल हजार वर्षांना जेमतेम ८ कला एवढाच बदलला. आणि या दिवसांत सूर्य रोज सुमारे १७ कला सरकतो! म्हणजे आकाशाने फारसा फरक केलेला नाही. फरक केला तो माणसाने. महाद्वारापलीकडे वाढलेल्या बांधकामांनी किरणांची वाट अडवल्याच्या तक्रारी अनेकदा झाल्या. देऊळ जपायचे म्हणजे फक्त दगड जपायचे नाहीत. त्याच्यासमोरची मोकळी मावळतही जपायची.

तुमच्या वर्गाला पश्चिमेची खिडकी असेल, तर संध्याकाळचा कवडसा ठरलेल्या वेळी भिंतीवर खडूने आखा, शेजारी तारीख लिहा. नोव्हेंबरची खूण फेब्रुवारीत पुन्हा गाठली जाते का, हे मुलांनाच शोधू द्या.