डोई, मत आणि कौल

इंग्रजी भाषेतील 'पोल' हा शब्द मतपेटीच्या आसपास वावरू लागण्याच्या कितीतरी आधीपासून माणसाच्या माथ्यावर, आणि नेमके सांगायचे तर जेथे केस उगवतात त्या भागावर, नांदत होता. डच आणि उत्तर जर्मनीकडील बोलींशी सोयरीक सांगणारा हा शब्द मध्ययुगातच इंग्रजीत रुळला. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये भ्रमिष्ट झालेली ऑफिलिया जे गाणे गाते त्यात एका मृत वृद्धाच्या पांढुरक्या माथ्यासाठी तो आला आहे. शेंडा छाटून बुटके केलेले झाड, शिंगे नसलेले गुरू आणि नुसते डोकेच डोके असलेले बेडकाचे पिल्लू, या तिघांच्या इंग्रजी नावांत हाच माथा दडलेला असावा, ही व्युत्पत्तीची मौज मोठी खरी. परंतु आपल्याला कर्तव्य आहे ते डोक्याशी नव्हे, तर डोकी मोजण्याशी.

शेक्सपिअरच्याच 'कोरिओलेनस' या, १६०८ च्या सुमारास लिहिलेल्या नाटकात रोमचा एक लोकनायक आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्याला विचारतो, की आपण मिळवलेल्या मतांची डोईवार यादी तयार आहे ना. मताशी या शब्दाची गाठ पडल्याचा हा फार जुना उल्लेख, आणि ती यादी मुळातच आधी 'मिळवलेल्या' मतांची असावी, यास नाटककाराचे द्रष्टेपण म्हणावे की साधा अनुभव, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सरकारने डोकी मोजली ती मात्र मतासाठी नव्हे, वसुलीसाठी. फ्रान्सशी चाललेल्या दीर्घ युद्धाने खजिना रिता झाला तेव्हा १३७७ मध्ये इंग्लंडच्या राजसत्तेने चौदा वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषावर चार पेन्सांची डोईपट्टी बसवली. दोन वर्षांनी तिचे दर ऐपतीप्रमाणे लावून पाहिले. आणि १३८१ च्या वसुलीसाठी ती सरासरी माणशी एक शिलिंग, म्हणजे पहिल्या दराच्या तिप्पट, ठरली. याचा परिणाम दफ्तरात मोठा विलक्षण उमटला. पहिल्या पट्टीच्या वेळी साडेतेरा लाखांच्या घरात असलेली करदात्यांची संख्या चारच वर्षांत नऊ लाखांच्या आसपास उतरली, आणि साडेचार लाख डोकी कागदावरून पसार झाली, एवढाच तिचा अर्थ होता. गहाळ डोकी हुडकायला अंमलदार निघाले, एसेक्स परगण्यातील ब्रेंटवुड येथे मेअखेरीस त्यांना रयतेने पिटाळून लावले, आणि दोन आठवड्यांच्या आत वॅट टायलर याच्या मागे केंट व एसेक्सची कुळे लंडनच्या रस्त्यांवर उतरली. राजा दुसरा रिचर्ड तेव्हा अवघा चौदा वर्षांचा होता. ज्याच्या प्रधानकीत ही पट्टी बसली त्या आर्चबिशप सायमन सडबरी याला बंडवाल्यांनी १४ जून रोजी टॉवरमधून ओढून काढून त्याचा शिरच्छेद केला. दुसऱ्याच दिवशी टायलर मारला गेला आणि बंड मोडले. पण डोईपट्टीपायी गेलेले ते प्रधानाचे डोके मात्र सफक परगण्यातील सडबरी गावच्या सेंट ग्रेगरी चर्चमध्ये आजही जतन करून ठेवलेले आहे.

सत्ताधाऱ्यांची स्मृती अधू असते म्हणा, की मोह अनावर असतो म्हणा, सहाशे वर्षांनी मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने स्थानिक करांच्या जागी माणशी एकसारखा आकार बसवला, प्रथम १९८९ मध्ये स्कॉटलंडात आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये. सरकारी कागदांत त्याचे नाव सौम्य होते. विरोधकांनी त्याला 'पोल टॅक्स' म्हणून हाक मारली आणि तेच नाव चिकटले. ३१ मार्च १९९० रोजी ट्रॅफल्गार चौकात दंगल उसळली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बाईंना पंतप्रधानपद सोडावे लागले, त्यामागच्या कारणांत हा कर होताच. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत याच नावाच्या कराने आणखी वेगळे काम केले: जो तो भरील त्यालाच मत, असा दंडक घालून तेथील काळ्या व गरीब गोऱ्या नागरिकांना मतदानापासून दूर ठेवण्यात आले, आणि १९६४ ची चोविसावी घटनादुरुस्ती व १९६६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा यांनी तो अडसर हटवला.

आता इंग्लंडच्या त्या जुन्या मतदानाकडे वळू, कारण आपल्या विषयाचा गाभा तेथे आहे. सन १४३० च्या कायद्याने परगण्याच्या निवडणुकीत ज्याच्या मालकीच्या जमिनीचे उत्पन्न सालीना चाळीस शिलिंग आहे त्यालाच मत होते. अशा मतदारांचा मेळा जमला, म्हणजे निवडणूक अधिकारी प्रथम हात वर करायला सांगे. हातांच्या दाटीवरून जो विजयी ठरे त्याचा विजय प्रतिपक्षाला मान्य नसेल, तर तो 'पोल' मागे, आणि मग एकेक डोके मोजण्याचा खटाटोप सुरू होई. (हा रिवाज आजही मुंबईच्या कंपन्यांच्या वार्षिक सभांत जिवंत आहे, मात्र तेथे भागधारकाने पोल मागितला, म्हणजे मोजली जातात ती डोकी नव्हेत, तर भाग. शब्दांनाही श्रीमंतीत दिवस काढले की मूळ घर आठवत नाही.) मतदाराने लाकडी मंचावर चढायचे, आपले नाव, गाव आणि मिळकत सांगायची, सर्वांच्या देखत उमेदवाराचे नाव उच्चारायचे, आणि कारकुनाने ते वहीत टिपून घ्यायचे, अशी ती पद्धत. १६९६ च्या कायद्याने ही वही मागेल त्याला नक्कल करून देण्याचे बंधन आले; लवकरच छापखानेवाले असल्या वह्या छापून विकू लागले, आणि गावच्या खाटकाने, शिंप्याने वा पाद्र्याने कोणाला मत दिले हे कोणालाही दुकानातून विकत घेता येऊ लागले. मुदतीचे म्हणाल, तर १७८४ मध्ये वेस्टमिन्स्टरचे मतदान चाळीस दिवस चालले होते, आणि त्यात चार्ल्स जेम्स फॉक्सच्या मतांसाठी डेव्हनशायरच्या सरदारीणबाईंनी खाटकाला चुंबन दिल्याची अफवा व्यंगचित्रकारांना वर्षभर पुरली.

या मंचाचे चित्र ज्याला जवळून पाहायचे असेल त्याने विल्यम होगार्थ याने ऑक्सफर्डशायरच्या १७५४ च्या निवडणुकीवरून रंगवलेल्या चार चित्रांपैकी मतदानाचे चित्र पाहावे. लंडनच्या सर जॉन सोन यांच्या संग्रहालयात ते टांगलेले आहे. मंचावर एक जुना सैनिक उभा आहे, लढायांत हातपाय गमावलेला. शपथेसाठी धर्मग्रंथावर ठेवायला त्याच्यापाशी पंजा उरलेला नाही, म्हणून त्याने लोखंडी आकडाच पुस्तकावर टेकवला आहे, आणि ही शपथ ग्राह्य की अग्राह्य यावर दोन वकील हमरीतुमरीवर आले आहेत. त्याच्या मागे बुद्धीने अधू असा एक मतदार खुर्चीत बसवलेला असून पायात बेड्या असलेला कोणीतरी त्याच्या कानाशी नाव कुजबुजत आहे. त्याच्याही मागे घोंगडीत गुंडाळलेला, जवळजवळ गतप्राण झालेला एक आजारी वर चढवला जात आहे. पार्श्वभूमीला ब्रिटानियेची गाडी मोडून पडण्याच्या बेतात आहे आणि तिचे गाडीवान पत्ते कुटीत बसले आहेत. होगार्थ अतिशयोक्ती करी हे खरे. परंतु ज्यांचे हसू त्याने केले त्या गोष्टी घडत होत्या, हेही तितकेच खरे.

उघड मतदानाचे समर्थकही लहानसहान नव्हते. खुद्द जॉन स्टुअर्ट मिल याने १८६१ मध्ये असा पक्ष मांडला, की मत ही खासगी मालमत्ता नसून समाजाने सोपवलेली विश्वस्त ठेव आहे, तेव्हा ते समाजाच्या डोळ्यांदेखतच दिले जावे. तर्क म्हणून हे भारदस्त आहे. पण तर्काला जमीनदाराचे कूळ होऊन जगावे लागत नाही. १८६८ च्या निवडणुकीत वेल्समधील कार्डिगनशायर व कारमार्थेनशायर येथील कुळांनी धन्याच्या मर्जीविरुद्ध उदारमतवाद्यांना मते दिली, ती वहीत लिहिली गेली, आणि पुढे कित्येकांना पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवरून बेदखलीच्या नोटिसा आल्या. खासदार हेन्री रिचर्ड यांनी ते गाऱ्हाणे १८६९ मध्ये पार्लमेंटपुढे नेले; चार्टिस्ट या मताधिकाराच्या चळवळ्यांची १८३८ पासूनची गुप्त मतदानाची मागणी, १८५६ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया व साउथ ऑस्ट्रेलिया येथे यशस्वी झालेला प्रयोग आणि हे गाऱ्हाणे यांच्या जोरावर १८७२ मध्ये गुप्त मतदानाचा कायदा झाला. त्याखालची पहिली पोटनिवडणूक यॉर्कशायरमधील पॉन्टिफ्रॅक्ट येथे १५ ऑगस्ट १८७२ रोजी झाली. हे गाव ज्येष्ठमधाच्या गोळ्यांसाठी प्रसिद्ध. मतपेटीला लाखेची मोहोर करायची वेळ आली तेव्हा ज्येष्ठमधाच्या कारखान्यातला, किल्ला आणि घुबड कोरलेला शिक्काच वापरण्यात आला. ती पेटी तेथील संग्रहालयात आहे, आणि मोहोरेच्या खुणाही तिच्यावर आहेत.

आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे १७ कोटींहून अधिक, आणि बहुसंख्य निरक्षर, मतदारांचे रहस्य राखण्याचा प्रश्न आला, तेव्हा शिक्का मारण्याऐवजी प्रत्येक उमेदवाराची चिन्हांकित पेटी वेगळी ठेवून मतपत्रिका हवी तिच्यात टाकण्याची सोय झाली. अशा लाखो पोलादी पेट्या मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या.

इतक्या कष्टाने गुप्त केलेले मत बाहेर येऊन पुन्हा विचारण्याचा उद्योग मात्र तोवर भरभराटीला आला होता. अमेरिकेत १८२४ मध्येच हॅरिसबर्ग आणि रॅले येथील वृत्तपत्रांनी अँड्र्यू जॅक्सन उमेदवार असलेल्या निवडणुकीआधी हौशी मतगणना छापल्या होत्या. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने १९१६ पासून पाच अध्यक्षीय निवडणुकांचे अंदाज अचूक वर्तवून मोठा लौकिक कमावला, आणि १९३६ मध्ये एक कोटी पत्रे धाडून, आलेल्या तेवीस लाखांहून अधिक उत्तरांवरून रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन यांना ५७ टक्के मते मिळतील असे सांगितले. पत्ते प्रामुख्याने टेलिफोनच्या आणि मोटारींच्या नोंदवह्यांतून घेतलेले होते, म्हणजे मंदीच्या काळात ज्यांच्या घरी ही दोन्ही सुखे होती त्यांचे. शिवाय उत्तर धाडण्याची तसदी घेणारे कोण, हाही प्रश्न होताच. रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. त्या मानाने मूठभर लोकांना, पण समाजाच्या सर्व थरांतून निवडून, विचारणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी निकाल बरोबर सांगितलाच, वर 'डायजेस्ट' काय चूक करील हेही आधीच जाहीर करून ठेवले होते. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडले. गॅलप यांचाही गर्व १९४८ मध्ये उतरला: ड्युई जिंकणार या खात्रीने चाचण्या आधीच थांबवल्या गेल्या, आणि ट्रुमन यांनी विजयी मुद्रेने आपल्याच पराभवाचा मथळा असलेला 'शिकागो डेली ट्रिब्यून' छायाचित्रकारांपुढे उंच धरला.

मतदान केंद्राच्या दाराशी उभे राहून बाहेर पडणाऱ्याला विचारायचे, ही या वंशावळीतील शेवटची पायरी. आपली वृत्तपत्रे तिला कधी मतदानोत्तर चाचणी म्हणतात, कधी सरळ एक्झिट पोल. नाक्यावरचा कार्यकर्ता तर दुपारी 'पोलिंग किती झालं?' एवढेच विचारतो. होगार्थच्या मंचावर उभ्या मतदाराला शपथ होती, कारकुनाची वही होती, धन्याची नजर होती. दाराशी उभ्या मतदाराला यातले काही नाही, पण विचारणारा कोणाचा माणूस, आपला चेहरा त्याच्या ध्यानात राहील काय, ही शंका त्याच्या मनात आहे, आणि वाटेल ते उत्तर देण्याची त्याला पूर्ण मुभा आहे. २००४ मध्ये वाजपेयी सरकार परतणार असे बहुतेक चाचण्यांनी सांगितले आणि ते परतले नाही. २०२४ मध्ये सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेहून अधिक जागा सांगणाऱ्या चाचण्या २९३ या आकड्यापाशी येऊन आपटल्या. लोकप्रतिनिधित्व कायद्यात घातलेले १२६-अ हे कलम मतदानाच्या साऱ्या टप्प्यांत, शेवटचे मत पडून अर्धा तास उलटेपर्यंत, असले अंदाज प्रसिद्ध करण्याला दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा सांगते. तोवर सर्वेक्षकांच्या वह्या बंद असतात. मग त्या अर्ध्या तासाचा शेवटचे मिनिट सरताच सगळ्या वाहिन्या एकदम बोलू लागतात.